ख्रिस्त म्हणजे कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, किनाऱ्यावर. रविवारच्या मिस्सानंतर मी मुलांना धर्मशिक्षण देते. वर्गात प्रश्न येतातच, पण त्याहून जास्त प्रश्न मला बाहेर भेटतात. मासळीबाजारात, एसटीत, चतुर्थीला शेजारी गेलं की, नाताळात शेजारणी नेवऱ्या-दोदोल खायला आल्या की. विचारणाऱ्यांच्या मनात खोट नसते. घाईत अर्धंमुर्धं उत्तर देते ती मी. म्हणून या वेळी नीट बसून लिहून काढलं.

मी कॅथलिक, त्यामुळे माझ्या बोलण्यात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), खुरीस (क्रूस) असे शब्द येतील. प्रोटेस्टंट बांधव खुरसाला वधस्तंभ म्हणतात. येशू कोण, या मूळ प्रश्नावर आमच्यात दुमत नाही.

'ख्रिस्त' हे येशूचं आडनाव आहे का?

नाही. शेजारच्या काकींनी एकदा मला विचारलं होतं, "येशूचां आडनाव ख्रिस्त मां गो?" आमच्याकडे फर्नांडिस, डिसोजा, लोबो अशी आडनावं नावापुढे लागतात, तसंच 'येशू ख्रिस्त' कानाला लागतं. पण त्या काळी त्या मुलखात आडनावं नव्हती. माणूस बापाच्या नावाने ओळखला जाई, नाहीतर गावाच्या. येशूला लोक 'योसेफाचा मुलगा' म्हणत, नाहीतर 'नासरेथकर'. मालवणकर, वेंगुर्लेकर, रेडकर अशा नावांत वाढलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको. 'येशू' हे नावही तेव्हा काही दुर्मीळ नव्हतं. हिब्रूत 'येशूआ', म्हणजे 'परमेश्वर तारतो'.

'ख्रिस्त' ही पदवी आहे. हिब्रूतला 'मशीहा' आणि ग्रीकमधला 'ख्रिस्तोस' यांचा अर्थ एकच: तेल ओतून ज्याला नेमलं आहे तो, म्हणजे अभिषिक्त. म्हणून 'येशू ख्रिस्त' हे दोन शब्द उच्चारले की एक अख्खं वाक्य बोलून होतं: येशू हाच तो अभिषिक्त. हे वाक्य खरं की खोटं, यावरच दोन हजार वर्षं बोलणं चालू आहे.

तेल लावण्यात एवढं काय आहे?

आपल्याकडे बाळ जन्मलं की आजी खोबरेल तेल कोमट करून टाळूवर थापते. टाळू हळूहळू भरून येईपर्यंत रोज. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी फादर पाण्यानंतर बाळाच्या डोक्याला, बरोबर त्याच जागी, पवित्र तेल लावतात. ऑलिव्हचं तेल, त्यात सुगंधी राळ मिसळलेली. बिशप हे तेल पवित्र आठवड्यात आशीर्वादित करतात आणि मग ते गावोगावच्या चर्चमध्ये पोचतं. माझ्या भाच्याच्या बाप्तिस्म्याला मी त्याला मांडीवर धरलं होतं. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत त्याच्या जावळाला तो वास होता, आणि माझ्या आईने त्या दिवशी त्याच्या डोक्याला दुसरं तेल लावू दिलं नाही.

ते तेल लावताना फादर जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात तीन शब्द आहेत: याजक, संदेष्टा, राजा. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, तेल ओतलं जाई ते या तिघांवर. अहरोनावर याजक म्हणून. शौलावर आणि नंतर दावीदावर राजा म्हणून. शमुवेलाने शिंगात तेल भरून नेलं आणि मेंढरं राखणाऱ्या सगळ्यात धाकट्या मुलाच्या डोक्यावर ओतलं. अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक करायला एलिया संदेष्ट्याला सांगितलं होतं.

अभिषेक म्हणजे काय हे मराठी माणसाला ठाऊक आहे. १६७४ साली रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला, त्याआधीही राज्य त्यांचंच होतं. पण अभिषेकाने जगापुढे जाहीर झालं की हा माणूस कोण आणि त्याच्यावर भार कशाचा. इस्राएल लोकांच्या मनात 'मशीहा' शब्दाला असंच वजन होतं.

एक गोष्ट बहुतेकांना नवी वाटते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात परक्या पर्शियन राजाला, कोरेशाला, परमेश्वर 'माझा अभिषिक्त' म्हणतो, कारण त्याच्या हातून बाबेलमधले इस्राएली बंदिवान सुटणार होते. म्हणजे अभिषिक्त पुष्कळ झाले. प्रश्न त्या एकाचा आहे, ज्याची वाट बघत लोक पिढ्यानपिढ्या बसले.

मग येशूला तेल कोणी लावलं?

हा प्रश्न मला वर्गातल्या एका सातवीतल्या मुलाने विचारला. मी तेव्हा अडखळले होते.

शमुवेलासारखा कोणी शिंग घेऊन येशूकडे आला नाही. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेताना पवित्र आत्मा त्याच्यावर उतरला, तोच त्याचा अभिषेक. नंतर नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाची गुंडाळी उघडून वाचलं, की प्रभूच्या आत्म्याने मला अभिषेक केला आहे, गरिबांना सुवार्ता सांगायला, बंदिवानांना सुटकेची बातमी द्यायला. गुंडाळी मिटून खाली बसला आणि म्हणाला, हे आज पूर्ण झालं आहे.

पण खरंखुरं तेलही त्याच्या डोक्यावर एकदा ओतलं गेलं. बेथानीत, जेवणाच्या पंगतीत. एका बाईने संगमरवरी कुपी फोडली आणि जटामांसीचं सुगंधी तेल त्याच्या मस्तकावर रितं केलं. बसलेले चिडले: तीनशे दिनारांहून जास्त किमतीचं तेल! दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. येशू म्हणाला, हिला त्रास देऊ नका, हिने माझ्या पुरण्याच्या दिवसासाठी मला आधीच तेल लावलं आहे.

राजाच्या डोक्यावर तेल ओततात ते सिंहासनावर बसवण्याआधी. या राजाच्या डोक्यावर पडलं ते कबरेत ठेवण्याआधी. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एकात, त्या बाईचं नावसुद्धा नाही, पण मशीहा कोण हे त्या खोलीत तिला सर्वांत आधी कळलं होतं असं मला वाटतं.

मशीहा राजा होणार होता ना? मग येशूचं राज्य कुठे आहे?

इथे पहिली चूक केली ती खुद्द पेत्राने, येशूच्या पट्टशिष्याने.

फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशूने शिष्यांना विचारलं, लोक मला कोण म्हणतात? कोणी म्हणालं बाप्तिस्मा करणारा योहान, कोणी एलिया, कोणी एखादा संदेष्टा. "आणि तुम्ही मला कोण म्हणता?" पेत्र म्हणाला, "आपण ख्रिस्त आहात." उत्तर बरोबर. तरी येशूने ताकीद दिली, हे कोणाला सांगू नका. आणि लगेच सांगायला लागला की मला पुष्कळ सोसावं लागेल, मला जिवे मारतील. पेत्राने त्याला बाजूला नेऊन दटावलं. त्यावर येशू म्हणाला, "सैताना, माझ्यापुढून निघून जा." काही क्षणांपूर्वी बरोबर उत्तर दिलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पेत्राचा शब्द बरोबर होता, पण त्या शब्दात त्याने भरलेला राजा वेगळा होता.

रोमी फौजेच्या टाचेखालच्या देशात 'मशीहा' हा शब्द दारूगोळ्यासारखा होता. ठिणगी पडली की भडका. पाच हजारांना भाकरी मिळाली तेव्हा लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघाले, आणि तो एकटाच डोंगरावर निघून गेला. पुढे इसवी सन १३२ मध्ये शिमोन बार कोखबा नावाच्या पुढाऱ्याने रोमविरुद्ध बंड केलं. अकीवासारख्या थोर रब्बीने त्याला मशीहा मानलं. तीन वर्षांत रोमने ते बंड रक्तात बुडवलं.

मग येशूने ही पदवी स्वतःहून उघडपणे कधी मान्य केली? शुभवर्तमानं हळू वाचली तर दोन जागा डोळ्यांत भरतात. एकदा शोमरोनात, भर दुपारी विहिरीवर, पाणी भरायला आलेल्या परक्या समाजाच्या एका बाईपुढे: "तुझ्याशी बोलत आहे तो मीच आहे." आणि एकदा प्रमुख याजकापुढे, पकडून आणल्यावर, सगळे शिष्य पळून गेल्यावर: "मी आहे." एका ठिकाणी फौज उभी राहण्याची शक्यताच नव्हती, दुसऱ्या ठिकाणी सुटकेची. त्याच्या शब्दाचा भलता अर्थ कोणाला लावता येणार नाही, अशाच जागी त्याने तो उच्चारला.

यरुशलेमेत तो आला तो शिंगरावर बसून, घोड्यावरून नव्हे. जखऱ्या संदेष्ट्याने वर्णन केलेला राजा असाच येणार होता, लीन होऊन, गाढवावर. आणि 'यहूद्यांचा राजा' ही पाटी रोमी सुभेदार पिलाताने त्याच्या डोक्यावर लावली ती खुरसावर, हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत.

'माझं राज्य या जगाचं नाही' या येशूच्या वाक्याचा अर्थ ते आभाळात कुठेतरी आहे, असा मुलं घेतात. मोठी माणसंही घेतात. त्या राज्याचं बळ या जगाच्या बळातून येत नाही, असं तो म्हणत होता. राज्य इथेच चालतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी त्यांत रापण ओढणारे एक म्हातारे आजोबा होते. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, नखांत वाळू. ते लाजून पाय मागे घेत होते, आणि गुडघ्यांवर बसलेले फादर तो पाय हातात धरून भेगांवर सावकाश पाणी सोडत होते. हे राज्य कुठे आहे असं कोणी विचारलं की मला तो पितळी तसराळा आठवतो.

ज्यू लोकांनी आपल्याच मशीहाला नाकारलं, असं म्हणतात. खरं का?

असं सरसकट म्हणू नये. मरीया, पेत्र, योहान, पौल, पहिली सगळी मंडळी ज्यूच होती. येशू स्वतः ज्यू होता आणि शेवटपर्यंत ज्यूच राहिला. त्याला खुरसावर दिलं ते रोमी सत्तेने, पिलाताच्या हुकमाने. पुढारी याजकांचा त्यात हात होता, पण त्यावरून एका अख्ख्या समाजाला दोषी ठरवण्याचं पाप ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं केलं आहे. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिलं की तो दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही.

आपल्या कोकणाला हे परकं नाही. अलिबाग, नवगाव, रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्राएल पिढ्यानपिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे ज्यू. त्यांच्या घरी मलिदा होतो, गोड पोहे, खोबरं, फळं तबकात मांडून, आणि गोडवे गातात ते एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे. अलिबागजवळ सागावला खडकावर त्याच्या रथघोड्यांच्या खुणा उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. एलियाच का? कारण मशीहाच्या आधी एलिया येईल, अशी जुनी आशा आहे. आम्ही म्हणतो तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने आला. ते म्हणतात, अजून यायचा आहे.

त्यांचं न मानणं हा हट्ट आहे असं मी मुलांना कधीच शिकवत नाही. त्यांचा आक्षेप सरळ आहे: मशीहा आला तर लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील असं यशया सांगतो, मग जगात अजून युद्ध का? या प्रश्नाला ख्रिस्ती माणसाने झटकून टाकू नये. आमचं उत्तर आहे की तो आला, आणि पुन्हा येणार आहे. पेरणी झाली, कापणी बाकी आहे. पण वाट ते बघतात तशी आम्हीही बघतो. आणि त्या काळीही सगळे ज्यू एकाच मशीहाची वाट बघत होते असं नाही. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत दोन अभिषिक्तांची अपेक्षा दिसते, एक अहरोनाचा, याजक, आणि एक इस्राएलचा, राजा.

'देवाचा पुत्र' म्हणता, म्हणजे देवाला बायको होती का?

हा प्रश्न बहुतेक वेळा मुसलमान मित्रमैत्रिणींकडून येतो, आणि मला तो आवडतो, कारण त्यांना जी कल्पना पटत नाही ती आम्हालाही पटत नाही. देवाने कोणा स्त्रीशी संबंध ठेवून मूल जन्माला घातलं, असं कुठलाही ख्रिस्ती मानत नाही. तसं म्हणणं आमच्याकडेही निंदाच.

कोकणी मुसलमान हजरत ईसांना 'मसीह' म्हणतात. कुराणातच तो शब्द आहे, कुमारी मरियमचाही मान आहे. इथवर आपण बरोबर चालतो. कुराण त्यांना पैगंबर मानतं, पुत्र मानत नाही, आणि त्यांना खुरसावर मारलं हेही मानत नाही. तिथे वाटा वेगळ्या होतात, हे मोकळेपणाने सांगावं. गोडीगुलाबीसाठी फरक लपवला तर मैत्री पोकळ होते.

'पुत्र' शब्दाचे दोन थर आहेत. जुन्या करारात दावीदाच्या वंशातल्या राजाला देव 'माझा पुत्र' म्हणतो, म्हणजे तो शब्द मशीहाशी आधीपासून जोडलेला होता. येशूच्या बाबतीत तो आणखी खोल गेला. तो देवाला 'अब्बा' म्हणतो, घरातल्या लेकरासारखा. चर्चने पुढे सांगितलं की हे नातं काळात सुरूच झालं नाही, ते सनातन आहे. प्रकाशापासून प्रकाश, असे आम्ही चर्चमध्ये म्हणतो त्या श्रद्धाघोषणेतले शब्द आहेत. एका पणतीवरून दुसरी लावली तर पहिलीचा उजेड कमी होत नाही आणि दुसरीचा कमी प्रतीचा नसतो. दृष्टान्त इथवरच चालतो, कारण पणत्या शेवटी दोन होतात आणि देव एकच आहे.

३२५ साली मतदान करून येशूला देव ठरवलं, असं मी मोबाइलवर पाहिलं. खरं का?

नाही. ३२५ साली निकेया इथे सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद बोलावली हे खरं. वाद अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या याजकाच्या शिकवणीवरून होता. तो म्हणे, पुत्र थोर आहे, पण निर्माण केलेला आहे. परिषदेने म्हटलं, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, जन्मलेला आहे, घडवलेला नाही.

पण येशूची भक्ती त्याआधी कितीतरी जुनी. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने सम्राट ट्राजनला पत्र लिहून कळवलं, की हे ख्रिस्ती ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. हा काही भक्त नव्हता, त्यांना शिक्षा करणारा अधिकारी होता. पहिल्या पिढीतल्या प्रचारक पौलाची पत्रं तर आणखी जुनी, येशूनंतर वीस-तीस वर्षांतली, आणि तीही येशूला 'प्रभू' म्हणूनच बोलतात.

येशू हा एक अवतार आहे, असं मानायला काय हरकत?

आम्ही परशुरामभूमीत राहतो. चिपळूणजवळ परशुरामाचं देऊळ आहे, घरोघरी दशावताराच्या नाटकांची आवड आहे. रात्रभर चालणारा दशावतार मीही लहानपणी देवळापुढे गोणपाटावर बसून बघितला आहे. त्यामुळे शेजारी प्रेमाने म्हणतात, "तुमचो येशू म्हणजे अवतारच." त्यांच्या देव्हाऱ्यात येशूची तसबीर दिसली तर मला बरंच वाटतं. तरी कोणी अर्थ विचारला तर फरक सांगणं माझं काम आहे.

आम्ही 'देहधारण' म्हणतो. देव एकदाच माणूस झाला, पुन्हापुन्हा नाही. काम झाल्यावर त्याने ते शरीर टाकून दिलं नाही. आणि ते सोंग नव्हतं. पहिल्या शतकांतच काही लोक म्हणायला लागले होते की येशूचं शरीर नुसतं दिसण्यापुरतं होतं. चर्चने ते ठामपणे नाकारलं, आणि ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेने शब्दांत बांधलं: पूर्ण देव, पूर्ण माणूस, एकच व्यक्ती, दोन्ही स्वभावांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही.

हे जड वाटलं तर शुभवर्तमानातल्या साध्या जागा बघा. प्रवासाने दमून तो विहिरीकाठी बसला. वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला. मित्र मेला तेव्हा रडला. आणि पुन्हा उठल्यावरसुद्धा शिष्यांना म्हणाला, खायला काही आहे का? त्यांनी भाजलेला मासा दिला, तो त्याने त्यांच्यासमोर खाल्ला. नंतर एका पहाटे गालीलच्या किनाऱ्यावर त्याने स्वतः निखारे पेटवून त्यांच्यावर मासळी भाजत ठेवली होती. रात्रभर जाळी टाकून हात रिकामे घेऊन येणाऱ्या माणसांना हाक मारून तो म्हणाला, या, न्याहारी करा. मी हा भाग वर्गात वाचते तेव्हा होडीवर जाणाऱ्यांची मुलं एकदम सरळ बसतात. ओल्या वाळूवरच्या निखाऱ्यांचा वास त्यांना माहीत असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, जन्म १८६१, करजगावचा. अभंगाच्या चालीवर त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. भाषा आपली, ओव्या-अभंग आपले, आणि श्रद्धा मात्र पातळ केलेली नाही. मला ती वाट खरी वाटते.

येशू फक्त थोर गुरू किंवा संत होता, असं म्हटलं तर?

थोर गुरू होताच. पण कफर्णहूमात छप्पर उसवून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाला तो म्हणाला, "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." तिथले धर्मशास्त्री मनात म्हणाले, पापांची क्षमा देवाशिवाय कोण करणार? त्यांचा हिशोब बरोबर होता. माझं देणं दुसऱ्याने कसं माफ करावं? येशूने तो हिशोब नाकारला नाही. त्याने त्या माणसाला उठवून चालतं केलं.

येशू गोऱ्यांचा देव ना? पोर्तुगिजांनी आणलेला?

चर्चमधल्या चित्रांत सोनेरी केस आणि निळे डोळे दिसतात, त्याला ते चित्रकार युरोपातले होते एवढंच कारण. येशू पश्चिम आशियातला, अरामी बोलणारा, सुताराच्या घरातला ज्यू.

पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी ख्रिस्ती माणसं या किनाऱ्यावर होती. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने 'कल्याण' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि ते आपलं ठाण्याजवळचं कल्याण असं अनेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. वास्को द गामा त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी आला.

पोर्तुगिजांनी जबरदस्ती केली का? गोव्यात केली. १५६० पासून तिथे धर्मन्यायालय चाललं, त्याने हिंदूंचे आणि नव्या ख्रिस्ती झालेल्यांचेही हाल केले. ही गोष्ट माझ्या वर्गात मी लपवत नाही. गाढवावर बसून आलेल्या राजाच्या नावाने ते झालं, म्हणून ती आणखी लाजिरवाणी आहे.

येशू काश्मीरला आला होता का?

नाही. निकोलस नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ साली लडाखच्या मठात तशी पोथी पाहिल्याचं छापलं. पुढे चौकशी केली तेव्हा मठाच्या प्रमुखाने अशी पोथी असल्याचं साफ नाकारलं.

कॅथलिक लोक मरीयेला देव मानतात का?

नाही, मरीया माणूस. सप्टेंबरात आम्ही नऊ दिवस नोव्हेना करतो, फुलं वाहतो, लादाइन (सामूहिक प्रार्थना) म्हणतो, तिला आमच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. आराधना देवाची एकट्याची. ४३१ साली एफिसच्या परिषदेने तिला 'देवमाता' म्हटलं ते तिचा मोठेपणा वाढवायला नव्हे. तिच्या पोटी आला तो कोण, हे त्यातून सांगायचं होतं.

देवाचा मशीहा असा हालहाल होऊन कसा मरेल?

हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. खुरसावरचा ख्रिस्त हे यहूद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो, असं पौलाने स्वतःच लिहिलं. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात एका दुःखी सेवकाचं वर्णन आहे, जो इतरांचा भार आपल्यावर घेतो. राजाची आशा आणि या सेवकाचं दुःख एकाच माणसात मिळतील, असं क्वचितच कोणाच्या मनात आलं असेल. येशूने त्या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या.

शुभ शुक्रवारी आमच्याकडे घंटा वाजत नाही, लाकडी फळीचा कोरडा खटखट आवाज तेवढा होतो. वेदी उघडी, कापडसुद्धा नाही. माझे वडील वारले त्या वर्षी मी त्या दिवशी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले होते. दुःखापासून लांब राहिलेल्या देवाकडे मला त्या दिवशी जाता आलं नसतं. मी पुढे गेले, खुरसाच्या पायांचं चुंबन घेतलं आणि परत येऊन बसले. याहून मोठं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि लागलंही नाही.

'मीच ख्रिस्त' किंवा 'ख्रिस्ताने मला तारीख सांगितली' म्हणणाऱ्यांचं काय?

ऐकू नका. माझ्या नावाने पुष्कळ जण येतील, मीच ख्रिस्त आहे असं म्हणतील आणि पुष्कळांना फसवतील, असं येशूने आधीच सांगून ठेवलं. त्या दिवसाविषयी कोणालाच माहीत नाही, पित्याशिवाय, हेही तोच म्हणाला. मग फिरत येणाऱ्या व्हिडिओतल्या माणसाला कुठून कळलं?

आमच्या ओळखीतल्या एका बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला असताना बाहेरगावचा एक उपदेशक यायचा. ख्रिस्ताने मला तुमच्या घरी पाठवलंय म्हणे. औषधं बंद करायला लावली आणि तिच्या कानांतल्या कुड्या विकून झालेले पैसे 'अर्पण' म्हणून नेले. नवरा गेला. नंतर ती मला म्हणाली, "माझो विश्वास कमी पडलो असतलो." त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. येशूने कुठल्याही रोग्याकडून पैसे घेतले नाहीत आणि तुझ्याच विश्वासात खोट म्हणून कुठल्याही विधवेला दोष दिला नाही. असा कोणी दाराशी आला तर औषधं चालू ठेवा, पैसे देऊ नका, आणि आपल्या फादरना किंवा पाळकांना लगेच कळवा.

येशूचा जन्म २५ डिसेंबरलाच झाला का?

शुभवर्तमानांत तारीख नाही. रोममध्ये चौथ्या शतकात हा दिवस पाळला जात असल्याची नोंद आहे. वर्षही आपल्या पंचांगाच्या हिशोबाने थोडं आधीचं असणार, कारण हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास वारला, आणि जन्माच्या वेळी तो जिवंत होता.

मराठीत बोलताना 'मशीहा' म्हणावं, 'ख्रिस्त' म्हणावं की 'अभिषिक्त'?

तिन्ही चालतात. योहानाच्या पहिल्या अध्यायात अंद्रिया आपल्या भावाकडे, म्हणजे पेत्राकडे, जातो आणि म्हणतो, आम्हाला मशीहा सापडला आहे. तिथेच लिहिणाऱ्याने खुलासा केला आहे की मशीहा म्हणजे ख्रिस्त. आमच्या घरात आजी 'जेजू क्रिस्त' म्हणायची, चर्चमध्ये 'येशू ख्रिस्त', शेजारचे चाचा 'ईसा मसीह'. मी मुलांना तिन्ही शब्द फळ्यावर लिहून दाखवते आणि खाली लिहिते: तेल लावलेला. मग त्यांना आपापल्या टाळूवर हात ठेवायला सांगते, कारण 'ख्रिस्ती' या शब्दातही तेच तेल आहे, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी ते त्यांना तिथेच लागलं होतं.